मिसळ नारायण पेठेत, मस्तानी सदाशिवात

मी माहेरची कोल्हापूरची, त्यामुळे पुण्यातल्या बेडेकरांच्या मिसळीबद्दल माझं आणि सासऱ्यांचं कधीच पटत नाही. रविवारी ते सगळ्यांना घेऊन मुंजाबाच्या बोळात गेले. बाहेर वीस मिनिटं उभं राहिलो, मग बाकावर दाटीवाटीने पाच जण.

मिसळीसोबत इथे पाव नाही, स्लाइस येतात. रश्शाला गुळाची गोडसर चव. मी तिखट सांगितली होती, तरी नाकातून पाणी काही आलं नाही. "ही मिसळ आहे, शिक्षा नव्हे," सासरे म्हणाले. खरं सांगायचं तर तिसऱ्या स्लाइसला मलाही आवडायला लागली होती. पण पहिल्यांदा जाणाऱ्या कोल्हापूरकरांनी झणझणीत तांबड्या कटाची अपेक्षा ठेवू नये.

तिथून चालत सुजाता मस्तानी. आंबा मस्तानी म्हणजे उंच ग्लासात दाट मिल्कशेक, वर आइस्क्रीमचा गोळा. स्ट्रॉ उभाच राहतो, त्यामुळे सुरुवात चमच्यानेच करायची. धाकट्याने उतावळेपणाने स्ट्रॉ खुपसला आणि गोळा कलंडून थेट सासूबाईंच्या इरकलीवर! आईंनी शांतपणे चमच्याने तो पुन्हा ग्लासात टाकला. "पैसे दिलेत ना?"

पाच जणांत तीन मस्तानी पुरतात, आम्ही पाच घेतल्या. मोठीची सीताफळ मस्तानी शेवटी मीच संपवली. गाडी मात्र नेऊ नका, पेठेत पार्किंग शोधण्यात खाल्लेलं सगळं जिरतं.