दोन मोठे रेडर की भरलेलं बाकडं? लिलावाला बसायच्या आधी

भात कापून झालं, दिवाळी सरली की आमच्या गुहागर-चिपळूण पट्ट्यात कबड्डीचे लिलाव चालू होतात आणि दरवर्षी नवीन टीम घेणारा कुणीतरी फोन करतो, दादा, लिलावात बोलीसाठी मिळणारे पॉइंट कसे वाटू? मी दोन्ही करून बघितलंय, पहिले दोन सीझन मोठ्या नावांवर आणि त्यानंतरचे तीन बाकड्यावर, म्हणजे राखीव पोरांवर, त्यामुळे हे आकडेमोड करून काढलेलं नाही, मैदानाच्या कडेला उभं राहून कळलेलं आहे. लिलाव, रिटेन (म्हणजे जुना खेळाडू राखून ठेवणं), बारा जणांत सात मैदानात वगैरे तुम्हाला माहीत आहे असं धरतो.

आधी मोठ्या नावांची बाजू, कारण ती खोटी नाही. पॉइंटांचा अर्धा डोंगर दोन रेडरवर, म्हणजे चढाई करणाऱ्यांवर, ओतला की पहिल्या मॅचला फरक दिसतो. गर्दी येते, वर्गणी देणारे दुकानदार स्वतःहून बोलावतात आणि दोन चढाया रिकाम्या गेल्यावर करो या मरोच्या तिसऱ्या चढाईला माणूस आत जातो तेव्हा आपल्या पोटात गोळा येत नाही. पहिल्याच वर्षी आम्ही असेच फायनलला गेलो. एकच सीझन टीम चालवायची असेल, गावच्या पालखीला कप नेऊन ठेवायचा असेल, तर मी कुणाला अडवणार नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये लॉस एंजेलिस रॅम्सने हेच केलं, पुढच्या वर्षांचे ड्राफ्टचे, म्हणजे नवीन खेळाडू निवडायचे, हक्क देऊन तयार खेळाडू आणले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोल, म्हणजे तिथली फायनल, जिंकला. पण लगेच पुढच्या सीझनला १७ पैकी ५ मॅच जिंकल्या. आता हा सौदा महाग की स्वस्त हे ज्याचं त्याने ठरवावं, कप तर त्यांच्या कपाटात आहेच.

पण आपल्या खेळात एक गोष्ट फुटबॉलपेक्षा वाईट आहे. तिकडे मोठा खेळाडू चुकला तरी मैदानात असतो, इकडे तो पकडला गेला की उठून बाहेर बसतो, आणि आपण गुण घेऊन त्याला आत आणेपर्यंत बसूनच राहतो. म्हणजे ज्याच्यावर अर्धे पॉइंट घातले तोच बाहेर, आणि त्याला आत आणायचं काम उरलेल्या स्वस्तातल्या पोरांवर, ज्यांना तुम्ही लिलावाच्या शेवटी बारा पूर्ण करायला म्हणून उचललेलं असतं. आमच्यावर फायनलला दोन लोण चढले, म्हणजे सगळी टीम बाद झाली, ते दोन्ही वेळा असेच, रेडर बाहेर, आत चार जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत आणि हाताला हात धरून रेडरला घेरायची साखळी कुणी धरायची तेच कुणाला ठाऊक नाही.

तरी मी त्याच्यावरून मत बदललं नसतं. बदललं ते शनिवारच्या फोनमुळे.

आमचा मोठा रेडर मुंबईला नोकरीला, चाकरमानी, एका कंपनीच्या टीममधूनही खेळायचा. पोरगा गुणी, मनापासून खेळणारा, त्याच्याबद्दल माझ्या मनात आजही वाकडं काही नाही. पण मॅच शनिवारी रात्रीच्या आणि आम्ही सगळे शनिवारी सकाळपासून एकाच कामाला, तो कुठे पोचला. शुक्रवारची शिफ्ट लांबली की रात्रीची गाडी चुकायची, मग सकाळी कुणाच्या तरी गाडीतून निघायचा, अकरा वाजता फोन, दादा पेणला आहे, दीड वाजता फोन, दादा माणगावला अडकलोय, लाईन हलत नाही. मग चिपळूणला एक पोरगा बाईक घेऊन उभा, तिथून पुढे अजून तास-दीड तास. संध्याकाळी साडेसातला तो मैदानावर उतरायचा तो मांड्या आखडलेल्या, पाठ धरलेली, आणि आठला पहिली चढाई. एका मॅचला तर नाणेफेक झाली तरी आला नव्हता, मी हातात त्याची जर्सी घडी करून धरलेली होती आणि पंच विचारतायत सात पूर्ण आहेत का. ती जर्सी शेवटी मी ज्याच्या अंगावर चढवली तो वेलदूरच्या जेटीवर बर्फ फोडणारा एकोणीस वर्षांचा पोर होता, त्याला खांद्यात ढगळ होत होती. बर्फाच्या लाद्या उचलून उचलून बोटं अशी झालेली की डाव्या कोपऱ्यातून त्याने घोटा धरला की रेडरचा पाय मध्यरेषेकडे सरकतच नसे. त्या रात्री त्याने चार पकडी केल्या. लिलावात त्याच्यावर बोली एकच लागली होती, माझी, तीही सगळ्यात कमी.

त्याच्या पुढच्या वर्षी रेडरचा गुडघा गेला. आमच्या लीगचा नियम असा की दोन वर्षांसाठी रिटेन केलात तर दुसऱ्या वर्षीही त्याचे पॉइंट कापले जाणार, तो खेळो न खेळो. अमेरिकेत याला डेड मनी म्हणतात. तिथे १९९४ पासून पगाराची मर्यादा आहे आणि खेळाडू सोडला तरी आधी कबूल केलेली रक्कम त्या मर्यादेत मोजली जाते. डेन्व्हरच्या टीमने २०२४ मध्ये रसेल विल्सनला सोडलं तेव्हा जवळजवळ साडेआठ कोटी डॉलर दोन सीझनच्या हिशोबात तसेच पडून राहिले, माणूस दुसऱ्या टीमकडून खेळतोय आणि पैसे यांच्या खात्यात. त्यांच्याकडे डॉलर, आपल्याकडे कागदावरचे पॉइंट, पण लिलावाच्या टेबलावर बसून समोरचा खेळाडू परवडत नाही म्हणून हात खाली घेताना जे वाटतं ते सारखंच असणार.

आपल्या प्रो कबड्डीत तर याचा दाखला डोळ्यासमोर आहे. पवन सेहरावतला २०२२ च्या लिलावात तमिळ थलायवाजने २ कोटी २६ लाखांना घेतलं आणि पहिल्याच मॅचला गुडघा दुखावून तो सीझनभर बाहेर गेला. तरी ती टीम सेमीफायनलला पोचली, कारण नरेंदर नावाचा नवखा पोरगा त्यांच्याकडे होता आणि त्याला चढाया मिळाल्या. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने पवनवर २ कोटी ६०.५ लाख लावले, टीमची सगळी थैली ५ कोटींची, म्हणजे निम्म्याहून जास्त एकाच माणसावर, आणि सीझनला २२ मॅचमध्ये २ विजय, तळाला. पवन वाईट खेळला असं मी म्हणणार नाही, तो बाहेर बसला की बाकी काय होतं हा प्रश्न आहे.

त्याच सीझनला पुणेरी पलटण जिंकली. आता खरं सांगायचं तर त्यांनीही इराणच्या शादलूवर २ कोटी ३५ लाख खर्च केले होते, त्यामुळे पलटण म्हणजे नुसतं बाकडं असं म्हणणं बरोबर नाही. पण अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरं त्यांनी नवखी असतानाच घेऊन वाढवलेली, स्वस्तात, आणि म्हणूनच तेवढा मोठा खर्च त्यांना झेपला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी खालची फळी, मग उरलं तर वरचं नाव. आणि पुढच्या सीझनला अस्लमलाच दुखापत झाली तेव्हा पलटण प्लेऑफलाही गेली नाही, म्हणजे बाकडं भरलं की काळजी मिटली असंही नाही.

बाकड्याचा त्रास वेगळा आहे आणि तो कुणी आधी सांगत नाही. पहिलं वर्ष जवळजवळ हरण्यातच जातं. आमचं गेलं, सात मॅचमध्ये दोन जिंकलो, एक वर्गणीदार सोडून गेला. कोपरा, म्हणजे कडेला उभा राहून पकड करणारा, आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक यांना एकमेकांचा श्वास कळायला एक पावसाळा जावा लागतो, शेडमध्ये, सगळं ओलंचिंब असताना. दुसरं म्हणजे आपली पोरं टिकत नाहीत. आयटीआय झालं, वीस-एकवीस वर्षं झाली की मुंबई-पुणे, आणि आपण घडवलेला खेळाडू शनिवारी माणगावला अडकतो. म्हणजे एका पोराची तीन, फार तर चार वर्षं मिळतात. अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये, एनएफएलमध्ये, ड्राफ्टमधून आलेल्या नवीन खेळाडूचा करारही चार वर्षांचाच असतो, आणि ज्या टीम वर्षानुवर्षं वर राहतात त्या ही चार वर्षं संपायच्या आधीच त्याच्या जागेचा पुढचा पोरगा आणून ठेवतात. कॅन्सस सिटीने २०२२ मध्ये टायरीक हिलसारखा खेळाडू मायामीला दिला, बदल्यात ड्राफ्टचे पाच हक्क घेतले आणि त्यानंतरचे दोन्ही सुपर बोल जिंकले. त्यांच्याकडे माहोम्ससारखा मोठा क्वार्टरबॅक, म्हणजे खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, होता हे मान्य, तेवढं सोडून देता येत नाही. पण पैसे मोकळे झाले ते बाकीच्या जागांवर नवीन पोरं घालायला, हे मला पटतं.

म्हणून मी आता दरवर्षी दोन जागा सतरा-अठराच्या पोरांसाठी ठेवतो, मग टीम चांगली चाललेली असो नाहीतर नसो. एक कोपऱ्यासाठी, एक चढाईसाठी. त्यांना पहिल्या वर्षी चार-पाच मॅचमध्ये शेवटची दहा मिनिटं आत सोडतो, गुणफलक काही का असेना. यावर आमच्याकडे भांडणं झालीयत, आमचा कॅप्टन एकदा दोन दिवस बोलला नाही माझ्याशी, कारण तीन गुणांची आघाडी होती आणि मी पोराला आत पाठवलं. ती मॅच हरलो. पण सेमीफायनलला त्याच पोराने बोनस गुण घेऊन दिला तेव्हा कॅप्टननेच त्याला उचलून घेतला.

तुमच्याकडे मुंबईहून नियमित येऊ शकणारा, किंवा इथेच नोकरी-धंदा असलेला मोठा रेडर असेल तर माझं सगळं ऐकूनही त्याच्यासाठी बोली लावा, एक तरी तसा माणूस लागतोच, पोरांना बघून शिकायलाही लागतो. फक्त पॉइंटांच्या तिसऱ्या हिश्श्यावर गेलात की थांबा, आणि बोली लावायच्या आधी त्याला फोन करून विचारा, शनिवारी सुट्टी असते का. दोघांसाठी मात्र जाऊ नका असं मला वाटतं. त्याऐवजी दोन्ही कोपरे आधी उचला. रेडरच्या बोलीत सगळे जोशात असतात, कोपरे नेहमी स्वस्तात सुटतात.

माझा यंदाचा लिलाव पुढच्या रविवारी आहे. रिटेन तिघे, त्यात वेलदूरचा पोर, तो अजून इथेच आहे, आता जेटीवरच मुकादमाच्या हाताखाली लागलाय आणि शनिवारी साडेपाचला सायकलवरून मैदानावर हजर असतो. उरलेल्या पॉइंटात एक चढाईवाला बघतोय, जमलं तर शृंगारतळीच्या आसपासचाच.