३ एमएम सांगून १.२ एमएमचा पत्रा: माझ्या पिकअपच्या हौद्याची फसवणूक

माझी पिकअप कोल्हापूरची, एमएच ०९ पासिंगची. कसबा बावड्यातून खताची पोती, भाजी, सीझनला गुऱ्हाळावरचा गूळ मार्केट यार्डात टाकायचा, यावरच घर चालतं. २०२१ च्या जुलैच्या महापुरात गाडी दीड दिवस पाण्यात उभी होती. तेव्हापासून हौद्याच्या, म्हणजे मागं माल भरतो त्या भागाच्या, तळाला गंज धरला. त्यात युरियाची फुटकी पोती. खताला ओल लागली की ते लोखंड खातंच. यंदा पावसाच्या तोंडावर फाळक्यापाशी, म्हणजे मागं उघडतो त्या दारापाशी, हात आरपार जाईल एवढं भोक पडलं.

उद्यमनगरात गॅरेजला टाकली तर गाडी चार दिवस अडकणार आणि बँकेचा हप्ता तर थांबत नाही. नेमके त्याच वेळी दोघं जण दारात आले. मोटारसायकलला लहान वेल्डिंग मशीन बांधलेलं. "मालक, हौदा पार गेलाय. गाडी कुठं हलवू नका, हितंच दोन दिवसात करून देतो. ३ एमएमचा पत्रा, तळाखालची आडवी लोखंडी चॅनेल नवी, रंगासकट ३५ हजार." मी नको म्हणालो तसे पाच मिनिटांत २८ हजारांवर आले. वडील ओट्यावरून म्हणाले, "त्यांचं दुकान कुठाय ते तरी बघून ये जा." शिरोलीत शेड आहे असं त्यांनी सांगितलं, मोबाईलवर कामाचे फोटो दाखवले. मी शेड बघायला गेलो नाही. १८ हजार रोख हातावर ठेवले. बिल मागितलं तर काम झाल्यावर देतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पत्रा आला. आमच्या बोळात टेम्पो शिरत नाही, म्हणून त्यांच्यातल्या पोरानं ८ बाय ४ फुटांचा अख्खा पत्रा एकट्यानं डोक्यावर घेतला आणि पन्नास पावलं चालत आणला. मी समोर उभा होतो, चहाचा कप हातात होता. तिथंच कळायला हवं होतं. हिशोब साधा आहे: लांबी मीटरमध्ये, रुंदी मीटरमध्ये, जाडी एमएममध्ये, तिन्हींचा गुणाकार करून ७.८५ नं गुणायचं, किलो निघतात. ८ बाय ४ चा ३ एमएमचा पत्रा ७० किलो भरतो. तो कुणी एकटा डोक्यावर घेऊन बोळातून चालत नाही. १.२ एमएमचा असेल तर २८ किलो.

जाडी दिसायची ती कडेनं, आणि कड त्यांनी आत दुमडून ठोकलेली. फाळका उघडून बघितलं तरी पत्रा चांगला दणकट वाटायचा. संध्याकाळी करडा रंग मारला, राहिलेले १० हजार घेतले, जुनं भंगारही उचलून नेलं. त्या भंगारात माझी दोन चांगली चॅनेल गेली, हे नंतर कळलं. बिलाचं पुस्तक शेडवर राहिलंय म्हणाले.

नवव्या दिवशी गूळ भरत होतो. ३० किलोचे रवे. हमाल मधोमध उभा राहिला आणि पत्रा त्याच्या पायाखाली भप्पकन खाली बसला. माल उतरवला. कडेला बोटानं दाबलं तर रंगासकट तळहाताएवढी पोटीनची, म्हणजे भोकं बुजवायच्या लेपाची, खपली निघाली आणि तिच्याखाली तोच जुना सडका पत्रा. कापून काढलाच नव्हता, वरून नुसतं झाकलं होतं.

उद्यमनगरातले एक जुने मिस्त्री गाडीखाली शिरले. आधी लोहचुंबक फिरवला. पोटीन असेल तिथं तो धरत नाही. मग पत्र्याला भोक पाडून जाडी मोजायचा व्हर्नियर लावला: १.२ एमएम. पण ते खरे चिडले ते खाली बघून. हौदा चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, थेट वेल्ड केला होता. "अरे बाबा, चासी रस्त्यावर पिळ खाते. म्हणून हौदा यू-बोल्टनं धरायचा, मध्ये रबर नाहीतर लाकडी पट्टी घालायची. हितं वेल्ड मारलं की हितनंच तडा जाणार." नवी चॅनेल म्हणून सांगितलेली जुनीच होती, रेड ऑक्साईड मारून लाल केलेली. वेल्डिंग करताना बॅटरीची वायरही काढली नव्हती, ते मी डोळ्यानं बघितलं होतं. मिस्त्री म्हणाले, इलेक्ट्रॉनिक सामान जळलं नाही हे नशीब.

फोन लावला तर बंद. पोलिसांत अर्ज दिला, पण नाव, पत्ता, पावती यातलं माझ्याकडे काहीच नाही. ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ नंबर लावता येतो. गाडी धंद्याची असली तरी स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या कामाला फीही नाही. पण तक्रार कुणाविरुद्ध, हे तरी लिहायला हवं. माझे २८ हजार गेले ते बिल न घेतल्यामुळं.

परत काम मिस्त्रींकडंच केलं. या वेळी पत्रा घ्यायला मी स्वतः गेलो आणि काट्यावर ठेवायला लावला. दोन पत्रे, १४० किलो. उतरवायला चौघं लागले. जुना तळ माझ्यासमोर ग्राइंडरनं कापला, चॅनेल उघडी पडल्यावर मिस्त्रींनी एकेक हातोडीनं वाजवून दाखवली, सडलेली तीन बदलली. वेल्डिंगनंतर रंगाआधी मला खाली वाकून बघायला लावलं. गाडी पाच दिवस उभी राहिली.

गेल्या आठवड्यात वडणग्याच्या पाहुण्यांचा फोन आला. दोघं जण दारात आलेत, जागेवर हौदा बदलून देतो म्हणतात, ३५ वरून २८ वर आलेत. मी म्हणालो, पैसे देऊ नका, मी येतोय. पोचेपर्यंत ते निघून गेले होते. मशीन मोटारसायकललाच बांधलेलं होतं, असं पाहुण्यांनी सांगितलं. म्हणजे ते अजून याच भागात फिरतायत.