बास्केटबॉलच्या छपराखाली: एका बरांगायमधील मोफत कर्करोग तपासणीचे परीक्षण

फिलिपिन्समध्ये मे महिना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीसाठी राखलेला आहे. त्यानिमित्ताने मेट्रो मनिलातील आमच्या बरांगायमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत लहान प्रशासकीय घटकात, स्त्रियांसाठी मोफत तपासणी शिबिर भरले होते. घरमालकीणबाईंना एकटीने जाण्याचा धीर होत नव्हता, म्हणून मी त्यांच्यासोबत गेले आणि स्वतःचीही तपासणी करून घेतली. शिबिराला आता तीन महिने झाले आहेत. परीक्षण मुद्दामच उशिरा लिहीत आहे, कारण अशा सेवेचा कस तपासणीच्या दिवशी लागत नाही, तो त्यानंतरच्या आठवड्यांत लागतो.

शिबिर छप्पर असलेल्या बास्केटबॉल मैदानावर होते. सकाळी सहाला क्रमांकाची चिठ्ठी मिळाली आणि साडेदहाला आत बोलावले गेले. साडेचार तास प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसणे सुखाचे नव्हते. मात्र त्या वेळातील वीस मिनिटे सत्कारणी लागली, कारण स्तनकर्करोगातून बऱ्या झालेल्या एका बाईंनी तागालोग या तिथल्या भाषेत अतिशय मोकळेपणाने माहिती सांगितली. ‘बुकोल’ म्हणजे गाठ, आणि ती दुखत नसली तरी दाखवायचीच, हे त्यांनी इतक्या वेळा म्हणवून घेतले की शेवटी मागच्या रांगेतील आज्याही त्यांच्यासोबत म्हणू लागल्या. गुयाबानोच्या, म्हणजे लक्ष्मणफळाच्या, पानांचा काढा आणि आल्बुलार्यो म्हणजे गावठी वैदूचे उपचार यांची त्यांनी चेष्टा केली नाही. काढा प्यायचा तर प्या, पण गाठ आधी दाखवा, एवढेच सांगितले. माझ्या मते ज्ञान पाजळणाऱ्या कोणत्याही व्याख्यानापेक्षा हे अधिक परिणामकारक होते.

अशा शिबिरांचा एक चांगला नमुना तिथे आधीपासून आहे. 1999 मध्ये स्तनकर्करोगातून वाचलेल्या स्त्रियांनी स्थापन केलेल्या आयकॅनसर्व्ह फाउंडेशनचा ‘आतिंग दिबदिबिन’ हा उपक्रम नगरपालिकांच्या सहकार्याने चालतो. ‘दिबदिब’ म्हणजे छाती, आणि त्याच शब्दापासून झालेल्या ‘दिबदिबिन’ या क्रियापदाचा अर्थ ‘मनावर घेणे’ असा होतो. स्तनाचे नाव घ्यायलाही संकोच वाटणाऱ्या समाजात एवढे नेमके नाव सुचणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. परिचारिकेने बसवून आणि झोपवून अशी दोन्ही प्रकारे स्तनांची तपासणी केली, काखाही पाहिल्या आणि घाई केली नाही. गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमध्ये असते तेच, कापसाने लावून मिनिटभर थांबतात. पेशींमध्ये बदल झाला असेल तर तो भाग पांढरट दिसतो. या पद्धतीला प्रयोगशाळा लागत नाही आणि टेबलावरून उठण्यापूर्वीच उत्तर मिळते, हा तिचा मोठा गुण आहे. माझ्या पुढे असलेल्या साठीच्या बाईंना मात्र परिचारिकेने स्पष्ट सांगितले की, रजोनिवृत्तीनंतर जो भाग पाहायचा तो आत सरकलेला असल्याने ही चाचणी त्यांच्यासाठी भरवशाची नाही, त्यांनी एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूची, चाचणी करून घ्यावी. आकडा वाढवण्यासाठी त्यांची तपासणी उरकून टाकणे सोपे होते. ती उरकली नाही, याचे मला विशेष वाटले.

घरमालकीणबाईंना मी ‘आते’, म्हणजे थोरली बहीण, म्हणते. त्यांच्या डाव्या स्तनात गाठ लागली आणि त्यांच्या हाती सोनोग्राफीसाठी रुग्णालयाची चिठ्ठी देण्यात आली. ती चिठ्ठी त्यांनी घरी येऊन देव्हाऱ्यातील सान्तो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीमागे ठेवली आणि तिचा विषय बंद केला. हे केवळ त्यांच्या स्वभावाचे लक्षण नाही. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात मनिला परिसरात स्तनतपासणीचा एक मोठा प्रयोग झाला होता. सुमारे 1 लाख 38 हजार स्त्रियांनी प्रशिक्षित परिचारिका आणि सुईणींकडून तपासणी करून घेतली आणि त्यांतील 3,479 जणींना पुढील तपासण्यांसाठी पाठवण्यात आले. त्या तपासण्या पूर्ण करणाऱ्या स्त्रिया होत्या फक्त 1,220, म्हणजे 35 टक्के. बेचाळीस टक्क्यांहून अधिक जणींनी तर घरी जाऊन समजावल्यानंतरही साफ नकार दिला आणि पहिल्या फेरीनंतर तो प्रयोग थांबवावा लागला. तपासणीला तयार होणारी स्त्री निदानाला का तयार होत नाही, याचे उत्तर भीती, खर्च आणि ‘हिया’ या तीन गोष्टींत मिळून असावे. ‘हिया’ म्हणजे लाज, भीड आणि दुसऱ्यावर आपला भार पडेल हा संकोच, हे सगळे एकत्र.

म्हणूनच या सेवेला मी सर्वाधिक गुण देते ते बरांगायच्या आरोग्यसेविकेमुळे. या सेविका 1995 च्या कायद्यानुसार स्वयंसेविका आहेत. त्यांना पगार नसतो, मानधन असते आणि तेही बेताचेच. आमच्या गल्लीतील सेविका आतेंकडे तीनदा आली. पहिल्यांदा तिने विचारले, दुसऱ्यांदा ती नुसतीच गप्पा मारून गेली आणि तिसऱ्यांदा दारात ट्रायसिकल, म्हणजे मोटारसायकलला जोडलेली तिथली रिक्षा, उभी करूनच आली. आते निघाल्या. त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, तिला चौथी खेप पडू नये म्हणून निघाल्या. ज्या संकोचाने त्यांना घरी बसवले होते, त्यानेच त्यांना बाहेर काढले.

पुढे मात्र व्यवस्था अडखळते. फेब्रुवारी 2019 च्या राष्ट्रीय कर्करोग नियंत्रण कायद्याने लवकर निदानाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. फिलहेल्थ या सरकारी विमा योजनेतील स्तनकर्करोगाच्या उपचारांची मर्यादाही 2024 मध्ये 1 लाख पेसोंवरून 14 लाख पेसोंपर्यंत वाढली, आणि ही वाढ लहान नाही. पण हा पैसा निदान झाल्यानंतरचा आहे. चिठ्ठीवरच्या सरकारी रुग्णालयाने आतेंना सोनोग्राफीसाठी दोन महिन्यांनंतरची तारीख दिली, आणि तेवढा काळ झोप लागेना म्हणून त्यांनी खासगी केंद्रात स्वतःच्या पैशांनी ती करून घेतली. ज्यांच्याकडे असे पैसे नसतील त्यांची चिठ्ठी पुन्हा मूर्तीमागे जाणार. शिबिराच्या दिवशीच सोनोग्राफीची तारीख हातात देणे आयोजकांना अशक्य नसावे.

किरकोळ उणिवाही होत्या. पडदा पंख्याच्या वाऱ्याने सारखा उडत होता. घरी न्यायची पत्रके इंग्रजीत होती, त्यामुळे तागालोगमध्ये सांगितलेले सगळे कागदावर मात्र हरवले.

सर्वांत मोठी उणीव मैदानाच्या फाटकाबाहेर दिसली. बायकांना सोडायला आलेले पुरुष तिथे सिगारेट ओढत उभे होते. 2014 च्या कायद्यामुळे पाकिटांवर रोगट अवयवांची चित्रे छापलेली असतात, आणि ती पाकिटे त्यांच्या खिशांत होती. फिलिपिन्समधील पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग अग्रभागी आहे, यकृताचाही मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि त्यामागे बहुतांशी हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग असतो. आज नवजात बालकाला पहिल्या चोवीस तासांत त्याची लस देतात, पण पन्नाशीच्या माणसाला ती बालपणी मिळालेली नसते. आतेंच्या यजमानांनी दोनदा विचारले की आपल्यासाठी काही आहे का, आणि दोन्ही वेळा त्यांना हसून खुर्ची देण्यात आली. रक्ताच्या एका साध्या चाचणीचे टेबल तिथे सहज मावले असते.

आतेंची गाठ पाण्याची निघाली आणि पुढच्या तपासणीची तारीख सेविकेने तिच्या वहीत लिहून घेतली आहे. यजमानांची चाचणी अजून झालेली नाही. त्या वहीत त्यांच्यासाठी रकानाच नाही.