शालार्थ प्रणाली: रक्कम अचूक, तारखेची मात्र खात्री नाही

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार शालार्थ या सरकारी संकेतस्थळावरून निघतो. ५ सप्टेंबरला फुलं मिळतात, भाषणं होतात. पण १ तारखेला खात्यात किती पडणार आणि पडणार की नाही, हे आदल्या महिन्यात शालार्थवर कुणी काय भरलं त्यावर अवलंबून असतं. सरकार शिक्षकाला काय किंमत देतं, ते या एका ठिकाणी आकड्यांत दिसतं. म्हणून बँकेच्या अ‍ॅपचं करतो तसंच याचंही परीक्षण इथे केलं आहे. वापरणारे दोन गट आहेत. एक, दरमहा बिल टाकणारे मुख्याध्यापक आणि लिपिक. दुसरा, ज्यांच्या नावाने बिल निघतं ते शिक्षक. पहिल्या गटाला ही प्रणाली कामाची वाटेल, दुसऱ्याला ती अजून पुरती उघडलेलीच नाही.

सुरुवात शालार्थ आयडीपासून, म्हणजे शिक्षकाच्या या प्रणालीतल्या ओळख क्रमांकापासून होते. आद्याक्षरं, एम किंवा एफ, जन्मसालाचे शेवटचे दोन अंक असं काहीबाही जोडून तो बनतो. तो तयार व्हायला क्षणभर लागतो, मंजूर व्हायला किती लागेल ते सांगता येत नाही. खासगी अनुदानित शाळेत आधी नियुक्ती आदेश, मग रुजू अहवाल, मग शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता आणि त्यानंतर आयडीचा प्रस्ताव विभागीय पातळीवर, अशी ही वाट आहे. प्रस्तावासोबत संचमान्यता (शाळेच्या मंजूर पदांचा आदेश), रोस्टर (आरक्षणाची बिंदुनामावली), पात्रतेची प्रमाणपत्रं आणि लागू असेल तिथे टीईटी व जात वैधता जोडावी लागते. प्रस्ताव परत येतो तो बहुतेक वेळा तारखांवरून. मान्यता आदेशावरची तारीख आणि जावक क्रमांक कार्यालयाच्या नोंदवहीशी जुळत नाही, किंवा ज्या पदावर नेमणूक झाली ते पद त्या वर्षीच्या संचमान्यतेत दिसत नाही. संस्थेत रुजू होतानाच संचमान्यतेची प्रत मागून घ्यावी. नंतर ती मिळवताना चपला झिजतात.

आयडी हातात नसताना केलेल्या नोकरीचा पगार आपोआप मिळत नाही. नियमित बिल चालू महिन्यापासून निघतं, मागचं सगळं ‘थकीत’मध्ये जातं आणि त्यासाठी वेगळा प्रस्ताव, वेगळी मंजुरी, वेगळी तरतूद लागते. नव्या शिक्षकाने घराचा हप्ता किंवा गाडीचं कर्ज ठरवताना हे धरूनच चालावं.

या दाराला पहारा किती होता, ते २०२५ मध्ये नागपूर विभागात कळलं. अपात्र लोकांच्या नावाने आयडी काढून पगार उचलल्याचं प्रकरण उघड झालं, शिक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांना अटक झाली आणि चौकशीसाठी एसआयटी नेमली गेली. त्यानंतर नियुक्ती, मान्यता आणि आयडीचे आदेश प्रणालीवरच अपलोड करायला सांगितलं गेलं. काम योग्यच, पण २०१२ नंतर लागलेल्या हजारो सरळ माणसांना पुन्हा कागद शोधत फिरावं लागलं. या तीन आदेशांची स्पष्ट, रंगीत, सही-शिक्का वाचता येईल अशी पीडीएफ प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावी. शाळेच्या कपाटावर भिस्त ठेवू नये.

आता बिलाकडे. शाळेला दोन लॉगिन असतात. लिपिकाचं, म्हणजे असिस्टंटचं, आणि मुख्याध्यापकाचं, ज्याला सगळे डीडीओ-१ म्हणतात. माहिती भरायची पहिल्यातून, मंजूर करायची दुसऱ्यातून. बहुतेक छोट्या शाळांत दोन्ही पासवर्ड एकाच माणसाकडे असतात, त्यामुळे तपासणीचा हा टप्पा नावापुरताच उरतो. तो खरा ठेवा. निदान बिल पुढे पाठवण्याआधी दुसऱ्या कुणीतरी प्रत्येक नावापुढचा मूळ पगार, कपाती आणि खाते क्रमांक वाचून काढावा.

क्रम चुकला की बिल चुकतं. आधी कर्मचाऱ्याच्या माहितीतले बदल: वेतनवाढ, खाते क्रमांक, नेमणुकीचं ठिकाण बदललं असेल तर घरभाडे भत्त्याचा वर्ग. मग भत्ते आणि कपातींची पात्रता. त्यानंतर अशासकीय कपाती, म्हणजे पतसंस्थेचा हप्ता, विमा, बँकेची वसुली. यानंतर ब्रोकन पिरियड, म्हणजे महिना पूर्ण न भरलेल्यांचे दिवस, आणि अगदी शेवटी बिल जनरेट. ब्रोकन पिरियड विसरणं ही सगळ्यांत महागडी चूक. समजा २९,२०० मूळ पगारावर एक शिक्षक ३१ दिवसांच्या महिन्यात १८ तारखेला रुजू झाला. त्याला १४ दिवसांचे १३,१८७ रुपये मूळ पगार मिळायला हवा. ब्रोकन पिरियड न भरता बिल जनरेट केलं तर प्रणाली मुकाट्याने पूर्ण २९,२०० लावते, विचारत नाही. मग वसुली, खुलासा, सेवापुस्तकात नोंद. विनावेतन रजा असलेल्यांचंही तेच. त्यामुळे हजेरीपुस्तक समोर ठेवूनच हा टप्पा करावा.

बिल जनरेट झाल्यावर चूक दिसली तर ते रद्द करून पुन्हा करता येतं, पण फॉरवर्ड करण्याआधीच. पुढे गेलं की वरच्या कार्यालयाने परत पाठवल्याशिवाय हात लावता येत नाही. खासगी शाळांचं बिल वेतन पथकाकडे जातं, ज्याला शिक्षक पे युनिट म्हणतात. जिल्हा परिषदेत ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात जातं. सगळ्या शाळा मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत बसतात, तेव्हा सर्व्हर रांगत चालतो, मधेच लॉगआउट करतो. रात्री उशिरा किंवा पहाटे काम उरकणारे लिपिक म्हणूनच सगळीकडे दिसतात. रिपोर्ट उघडत नसेल तर सर्व्हरला शिव्या देण्याआधी ब्राउझरचा पॉपअप ब्लॉकर बंद आहे ना ते पाहा.

गणिताच्या बाबतीत मात्र शालार्थला नावं ठेवायला जागा कमी. नव्या प्राथमिक शिक्षकाची स्लिप घेऊ. वेतनस्तर एस-१०, मूळ २९,२००. महागाई भत्ता ५० टक्के धरला तर १४,६००. छोट्या गावात घरभाडे १० टक्क्यांनी २,९२०, वाहतूक भत्ता १,३५०. एकूण ४८,०७०. यातून एनपीएसचे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे, मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर १० टक्के म्हणजे ४,३८० आणि व्यवसाय कर २०० गेला की ४३,४९० उरतात, त्यातून गटविम्याची किरकोळ कपात. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० होतो, त्याची तक्रार दरवर्षी कुणीतरी करतंच. वर्षाचे २,५०० पुरे करायला ते लागतं. एनपीएसमध्ये शासनाचा वाटा १४ टक्के असतो. तो स्लिपवर एका बाजूला मिळवून दुसऱ्या बाजूला वजा केलेला दिसला की एकूण पगाराचा आकडा फुगतो. कर्जासाठी बँकेत जाताना हातात येणारी रक्कमच सांगावी.

पण ही स्लिप पहिली तीन वर्षं निघत नाही. तोवर माणूस शिक्षणसेवक असतो आणि प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,००० मानधन मिळतं. हे दर जानेवारी २०२३ पासूनचे, त्याआधी प्राथमिकला ६,००० होते. वर्ग तोच, पट तोच, पेपर तपासणी आणि निवडणुकीची कामंही तीच. शालार्थवर फरक फक्त पदनामाच्या रकान्यात. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर नियमित वेतनश्रेणी आपोआप लागत नाही. कालावधी पूर्ण झाल्याचा आदेश शिक्षणाधिकाऱ्यांकडून येईपर्यंत मानधनच चालू राहतं आणि मधला फरक पुन्हा थकीतच्या खात्यात. प्रस्ताव तीन वर्षं संपायच्या दोन-तीन महिने आधीच तयार ठेवावा. १२ वर्षांनी वरिष्ठ आणि २४ वर्षांनी निवड श्रेणी यांच्याही बाबतीत हेच. तिथे विहित प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडलेलं नसेल तर प्रस्ताव उघडूनही पाहिला जात नाही.

शालार्थची खरी उणीव यापुढे सुरू होते. बिल फॉरवर्ड झालं, वेतन पथकाने एकत्र केलं, कोषागारात गेलं. यातल्या कुठल्या टेबलावर ते आज आहे, हे शिक्षकाला त्याच्या लॉगिनमध्ये दिसत नाही. त्याला स्लिप मिळते, ती पगार निघाल्यानंतर. उशीर कशामुळे झाला, तरतूद आली नाही की बीडीएस (निधी वितरणाची ऑनलाइन मंजुरी) निघाली नाही की एखाद्या शाळेच्या बिलामुळे सगळ्यांचं अडकलं, याचं उत्तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळतं. कुरिअरचं पाकीट नागपूरहून निघालं की त्याचा ठावठिकाणा तासातासाला कळतो. इथे साडेचार कोटींचं तालुक्याचं बिल असलं तरी ‘वर आहे’ एवढंच कळतं. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय करणं काही अवघड नाही. प्रत्येक टप्प्याची तारीख प्रणालीत असतेच, ती फक्त दाखवायची आहे.

प्रणालीवर पूर्ण विसंबून राहण्याचा धडा जानेवारी २०१८ मध्ये मिळाला. शालार्थ कोसळली आणि पुढचे कित्येक महिने राज्यभर पगाराची बिलं ऑफलाइन, कागदावर करावी लागली. वेतनवाढी, वसुल्या, कपातींच्या नोंदी हाताने लिहिल्या गेल्या आणि प्रणाली पुन्हा उभी राहिल्यावर त्या परत भरताना झालेल्या तफावती पुढे अनेकांच्या सेवापुस्तकात आणि भविष्य निर्वाह निधीच्या चिठ्ठीत निघाल्या. त्या काळातल्या स्लिपा ज्यांनी जपल्या, त्यांचं काम लवकर मार्गी लागलं. आजही दर महिन्याची स्लिप डाउनलोड करून स्वतःकडे ठेवणं शहाणपणाचं. आणि पहिल्यांदा लॉगिन झाल्यावर ठरावीक पासवर्ड लगेच बदलावा, कारण आयडी ओळखीच्या कुणालाही अंदाजाने जुळवता येतो.

बदलीच्या वेळी लक्षात ठेवण्याची गोष्ट एकच. जुन्या शाळेने नाव डिटॅच केल्याशिवाय नव्या शाळेला ते अटॅच करता येत नाही. कार्यमुक्तीच्या आदेशाबरोबर एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला, घ्याच, आणि डिटॅच झालं का ते त्याच दिवशी विचारा. बँकेचंही तसंच. देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदात विलीन झाल्यावर १ मार्च २०२१ पासून जुने आयएफएससी बंद झाले, तेव्हा कोड न बदललेल्यांचे पगार परत गेले. बँकेचा एसएमएस आला की शाळेला लेखी कळवावं, तोंडी सांगून भागत नाही. एनपीएसची कपात झाली म्हणजे रक्कम प्रान खात्यात, म्हणजे शिक्षकाच्या पेन्शन खात्यात, पडली असंही नाही. ते शालार्थवर नाही, या खात्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सीआरएच्या संकेतस्थळावर तिमाहीला एकदा तपासावं.

फरकाच्या बिलांना अजून एक अडथळा आहे: टॅब, म्हणजे अशी रक्कम भरायची प्रणालीतली जागा. सातव्या वेतन आयोगाची १ जानेवारी २०१६ पासूनची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत द्यायची ठरली. ज्या शाळांचा एखादा हप्ता राहिला, त्यांना तो हवा तेव्हा बिलात टाकता येत नाही. वरून टॅब उघडावी लागते, ती काही दिवस उघडी राहते आणि बंद होते. तेवढ्यात लिपिक रजेवर असला की पुढच्या वेळेपर्यंत थांबा. टॅब सुरू झाल्याचं पत्र आलं की यादी तयार असायला हवी: नाव, कोणता हप्ता, रक्कम, कोणाचा भविष्य निर्वाह निधीत जायचा आणि कोणाचा रोखीने.

टप्पा अनुदानावरच्या, म्हणजे सरकार पगाराचा काही हिस्साच देतं अशा शाळांसाठी हेच सगळं, पण टक्केवारीत. वरच्या उदाहरणातले ४८,०७० रुपये २० टक्के टप्प्यावर ९,६१४ होतात, म्हणजे शिक्षणसेवकाच्या मानधनापेक्षाही कमी. उरलेला पगार संस्थेने द्यायचा असतो. तो दिला का, हे बघणारा रकाना प्रणालीत नाही. टप्पा वाढल्याची घोषणा झाली तरी शासन निर्णय, तरतूद आणि शालार्थवरची टक्केवारी या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय बिलात एक रुपया वाढत नाही. आझाद मैदानावर शिक्षक पुन्हा पुन्हा बसतात ते घोषणेनंतरच्या याच तीन पायऱ्यांसाठी.

पूर्ण विनाअनुदानित शाळांतले शिक्षक इथे नाहीतच. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली त्यांनाही लागू आहे, वेतनश्रेणीसकट. मात्र त्यांचा पगार संस्थेच्या वहीत असतो आणि सहीच्या रकमेपेक्षा हातात पडणारी रक्कम कमी असल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. अशा शाळेत नोकरी धरणाऱ्याने निदान पगार रोखीने न घेता खात्यात घ्यावा आणि नियुक्ती आदेशावर वेतनश्रेणी लिहून मागावी. पुढे शाळा अनुदानावर आली तर आयडीच्या प्रस्तावाला पहिला कागद तोच लागतो.