ग्रामीण डॉक्टरांसाठीचा कृषी-आरोग्य प्रशिक्षण वर्ग : एक परीक्षण

ग्रामीण भागात काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी घेतल्या जाणाऱ्या कृषी-आरोग्य प्रशिक्षण वर्गाला मी नुकताच उपस्थित होतो. पदवीच्या अभ्यासक्रमात निरनिराळ्या विषयांत विखुरलेले आजार येथे शेतीच्या कामांनुसार एकत्र मांडले आहेत, ही या वर्गाची मोठी जमेची बाजू आहे.

केसपेपरवर ‘व्यवसाय : शेती’ एवढे लिहून थांबू नये, अलीकडे नेमके कोणते काम केले ते विचारावे, हा आग्रह सर्व सत्रांत होता. बुरशी लागलेला चारा हलवल्यानंतर ४ ते ८ तासांनी ताप, खोकला आणि धाप सुरू झाली असेल, तर न्यूमोनिया समजून पुन्हा पुन्हा प्रतिजैविके देण्यापूर्वी ‘फार्मर्स लंग’चा, म्हणजे बुरशीच्या धुळीच्या अॅलर्जीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा, विचार करावा लागतो. तसेच, गोठ्यातील जनावर गाभडले होते का आणि त्याची वार कोणी हातांनी काढली, हे विचारल्याशिवाय रेंगाळणाऱ्या तापामागचा ब्रुसेलोसिस (जनावरांपासून माणसाला होणारा जिवाणूजन्य आजार) सहसा सुचत नाही.

सर्वांत उत्तम सत्र ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेचे होते. अॅट्रोपिन या उताऱ्याच्या औषधाची मात्रा केवळ डोळ्यांच्या बाहुल्यांवरून न ठरवता छातीतील स्राव कमी होऊन श्वास मोकळा झाला का, हे पाहून ठरवावी, याचा सराव करून घेण्यात आला. सुधारलेला वाटणारा रुग्ण २४ ते ९६ तासांत मान उचलू न शकण्याइतका अशक्त होऊ शकतो आणि त्याचे श्वसनाचे स्नायूही निकामी होऊ शकतात. म्हणून त्याला घरी सोडण्याची घाई का करू नये, हेही नीट समजावले.

मानसिक आरोग्याचे सत्र मात्र निराशाजनक वाटले. कीटकनाशक प्राशन केलेला रुग्ण वाचल्यानंतर त्याच्याशी आणि कुटुंबाशी कसे बोलावे, घरातील उरलेल्या कीटकनाशकाचे काय करावे, यावर जेमतेम एक स्लाइड होती. ऐन कापणीत सक्तीची विश्रांती सांगितली तर ती कोण पाळणार, आणि भर उन्हात फवारणी करणारा मजूर जाड संरक्षक पोशाख किती वेळ सहन करील, या प्रश्नांना वक्त्यांकडे उत्तर नव्हते. एखादा अनुभवी शेतकरी किंवा शेतमजूर स्त्री व्याख्याती म्हणून बोलावली असती, तर ही उणीव बरीचशी भरून निघाली असती.

तरीही नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टरांनी हा वर्ग अवश्य करावा. शक्य असल्यास दवाखान्यातील परिचारिकेलाही सोबत न्यावे, कारण विषबाधित रुग्णाचे कपडे उतरवून त्याचे अंग साबण-पाण्याने धुण्याचे काम बहुधा तिच्याकडेच येते आणि हातमोज्यांअभावी विष अंगाला लागण्याचा धोकाही तिलाच असतो.