टेलिफुंकनच्या नावाखाली २२,४५० रुपयांना टोपी

लिहायची लाज वाटते, पण लिहितो. जुने, काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्यांचे म्हणजे व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर बाळगणारे नाशकात पाच-पन्नास तरी असतील, त्यातला पुढचा कोणी तरी वाचेल.

मला दोन ईसीसी८३ हवे होते; हा एका छोट्या व्हॉल्व्हचा नंबर. विक्रेता म्हणाला, "काका, टेलिफुंकन आहेत, पश्चिम जर्मनीचे, न वापरलेले. ११,००० ला एक." टेलिफुंकन ही जुनी नावाजलेली जर्मन कंपनी. मी आधी ५,००० पाठवले, मग कुरिअर धरून १७,४५०. दोन हजार सांगितले असते तर मला लगेच वास आला असता. भाव चढा होता म्हणूनच माल खरा वाटला! ईसीसी८३ म्हणजेच १२एएक्स७. नंबर दोन, व्हॉल्व्ह एकच, पण तो कितीतरी कारखान्यांत बनला. त्यातला कोणता, किती तास वापरलेला, फोनोला म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या सर्किटला लावल्यावर खरखरतो का, यावर काहीशेपासून पाच आकड्यांपर्यंत भाव जातो. त्यात व्हॉल्व्हच्या काळातही कंपन्या दुसऱ्याचा माल आपलं नाव छापून विकायच्याच. आज मुलार्ड या जुन्या इंग्रजी कंपनीच्या नावाने नवा माल येतो तो रशियातल्या साराटोव्हचा. जुना मुलार्ड इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नचा असेल तर काचेवर तळाजवळ फिकट कोड असतो, त्यात 'बी' शोधा. हे सगळं मला पाठ आहे. वीस वर्षं सोल्डरिंग करतोय, मी काही नवशिका नाही.

टेलिफुंकनच्या बुडाला, नऊ पिनांच्या मधोमध, काचेतच हिऱ्याचा आकार उठवलेला असतो. म्हणून मी बुडाचा फोटो मागितला. फोटो आला. पिना स्वच्छ, प्रकाश छान, आणि बरोबर मधोमध त्याचा अंगठा. अंगठ्याचं नख वाढलेलं होतं, हेसुद्धा मला आठवतं. मी तो फोटो मोठा करून पाहिला आणि स्वतःलाच सांगितलं, धरताना आलं असेल बोट. पुन्हा मागायला दोन मिनिटं लागली असती. पण त्याने टेस्टरचा काटा हिरव्यात असलेला फोटो पाठवला आणि मी विरघळलो. अहो, टेस्टर व्हॉल्व्हचा दम सांगतो, बाप सांगत नाही!

पार्सल आलं. हिरा नाही. भद्रकालीतल्या आमच्या मेकॅनिकने काच उजेडात तिरकी धरली. नव्या छपाईखाली पुसलेलं 'बीईएल' दिसलं, म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स. बंगळुरूचा माल. "चांगलेत हो," तो म्हणाला, "पण मी तीनशे दिले असते."

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "व्हॉल्व्ह म्हणजे गॅसचा का?" दुसरा: "वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली?" तिथून सायबरला पाठवलं, सायबरवाल्यांनी परत ठाण्यात. साहेब बंदोबस्तावर. तीन खेपा, दोन अर्ज, झेरॉक्सचे ८० रुपये, पोच मात्र नाही. बँकेतली बाई शांतपणे म्हणाली, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" ग्राहक आयोगाचं विचारलं तर म्हणे बिल आणा, समोरच्याचा पत्ता आणा. पत्ता असता तर मीच गेलो नसतो का?

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी पार्सल येईपर्यंत, म्हणजे नऊ दिवस, गप्प बसलो. आणि नुसती छपाई बघून पैसे देऊ नका. खऱ्या टेलिफुंकनचीही छपाई बोटाने पुसते, त्यामुळे ती पुसलेली असो वा ठसठशीत, त्यावरून काहीच ठरत नाही.

परवा त्याची नवी जाहिरात दिसली. भाव १२,५००. बुडाच्या फोटोत तोच अंगठा.