भिंगवाला झाडांचा डॉक्टर (५ पैकी ४ तारे)

आम्ही मिशिगनमध्ये नोव्हायला राहतो. घर घेतलं तेव्हा मागच्या कुंपणाशी तीन निळे स्प्रूस (सुयांसारख्या पानांची झाडं) होते, दुमजली घराच्याही वर गेलेले. गेली दोन वर्षं ते खालून तपकिरी पडत चालले होते. फांद्यांची टोकं हिरवी, आतल्या सुया झडलेल्या, आणि सगळ्यात खालच्या फांद्यांच्या तर नुसत्या काटक्या.

आधी एका लॉन कंपनीचा माणूस आला. झाडाजवळ गेलासुद्धा नाही. "कीड आहे," म्हणाला, आणि मुळाशी खत नि कीटकनाशक ओतायचं वर्षाचं पॅकेज गळ्यात मारून गेला. ४८० डॉलर पाण्यात.

मग शेजारणीने या आर्बोरिस्टचा, म्हणजे झाडांच्या डॉक्टरचा, नंबर दिला. आयएसएचं (वृक्षतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं) प्रमाणपत्र आहे, एकटाच काम करतो. नुसतं बघायचे १५० डॉलर म्हटल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. पण पठ्ठ्या पाऊण तास झाडांपाशी होता. फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटकली, कागदावर बोट फिरवलं. कोळी (रस शोषणारी बारीक कीड) असते तर चिरडून रेघ उमटली असती म्हणे. मग खालच्या फांद्यांवर निळसर पांढरा डिंक शोधला. एका झाडावर सापडला, तो वेगळा रोग. शेवटी एक सुई तोडून भिंगाखाली माझ्यासमोर धरली. निरोगी सुईवर बारीक पांढऱ्या ठिपक्यांच्या रांगा असतात. इथे त्याच रांगांत काळे ठिपके! सुईच्या श्वासाच्या छिद्रांतून बुरशी डोकं वर काढत होती. नाव ऱ्हायझोस्फेरा. खात्रीसाठी फांदी ईस्ट लान्सिंगला मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लॅबमध्ये पाठवली, उत्तर तेच आलं.

हे झाड मूळचं रॉकी पर्वतातलं, कोरड्या हवेतलं. इथला दमट उन्हाळा त्याला सोसत नाही, त्यात आमचा स्प्रिंकलर रोज खालच्या फांद्यांना आंघोळ घालत होता. (तो आता वळवलाय.) बुरशी वसंतात कोवळ्या सुयांत शिरते, तपकिरी रंग दिसतो बहुतेक पुढच्या वर्षी. त्यामुळे फवारणी मेच्या सुमारास, नव्या सुया अर्ध्या वाढल्या की, आणि तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. असं दोन-तीन वर्षं. औषध क्लोरोथॅलोनिल. तासगावला बाबांना फोनवर सांगितलं तर ते हसायलाच लागले. "अगं, हे तर आपलं कवच! द्राक्षांवर किती मारलंय." (कवच हे याच बुरशीनाशकाचं तिकडचं नाव.)

उघड्या पडलेल्या फांद्या परत भरणार नाहीत, हे त्याने तोंडावर सांगितलं. डिंकाच्या रोगाला औषध नाही, म्हणून त्या फांद्या कोरड्या दिवशी कापल्या. तिसरं झाड दोन तृतीयांश बोडकं झालं होतं, ते पाडलं. उरलेल्या दोघांवर या मेमध्ये नवी पालवी धरलीय.

एक तारा कापला तो फोनसाठी. उचलत नाही, उलट फोन चार दिवसांनी, आणि पहिल्या भेटीला तीन आठवडे थांबावं लागलं. मेमधली फवारणी हवी असेल तर मार्चमध्येच नंबर लावा.